धबधब्याला साडेचार स्टार, पण कोणत्या महिन्यातले?

१५ जून २०२५, रविवार. तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल दुपारी कोसळला. चौघांचा जीव गेला, ५० हून जास्त लोक जखमी झाले. पुलावर पर्यटकांची तुडुंब गर्दी होती. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे लावलेला होता, असं प्रशासनाने नंतर सांगितलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात, ३० जून २०२४ ला, लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते. तोही रविवारच.

अशा जागांची जाहिरात कुणी करत नाही. लोक तिथे पोचतात ते रील बघून आणि मॅप्सवरचे स्टार बघून. कुंडमळ्याला नवा पूल हवा ही मागणी गावात जुनीच होती, म्हणजे पूल कसा आहे हे गावाला माहीत होतं. पुण्यामुंबईहून पहिल्यांदा येणाऱ्याला ते कळायचा मार्ग होता फक्त तो फलक, आणि गर्दीत फलक कोण वाचतं? एखाद्या रिव्ह्यूने पूल पडायचा थांबला नसता, हे उघड आहे. पण घरून निघायच्या आधी फोनवर ‘रविवारी दुपारी पुलावर जाऊ नका, पूल अरुंद आणि जुना आहे’ हे वाक्य सगळ्यात वर दिसलं असतं तर काही गाड्या दुसरीकडे वळल्या असत्या, एवढं तरी म्हणता येईल.

म्हणून प्रश्न असा, की गावाला माहीत असलेली गोष्ट मॅप्सवर का पोचत नाही? त्यासाठी हे स्टार कसे बनतात ते आधी बघू.

सरासरीला ऋतू कळत नाही

गूगल मॅप्सवर दिसणारा आकडा, ४.१ किंवा ४.६, ही त्या जागेला आजवर मिळालेल्या रेटिंगची सरासरी असते. ‘आजवर’ हा शब्द महत्त्वाचा. समजा एका मिसळवाल्याला दहा वर्षांत ३००० रेटिंग मिळाली आणि सरासरी ४.५ आली. मागच्या दिवाळीनंतर जुना आचारी सोडून गेला, कट पाणचट झाला, आणि पुढच्या सहा महिन्यांत १०० जणांनी चिडून १ स्टार दिला. गणित करून बघा: सरासरी येते साधारण ४.४. म्हणजे मिसळ बिघडली हे गल्लीतल्या सगळ्यांना कळलं, आकड्याला कळलं ते फक्त एका दशांशाने.

धबधब्याचं तर अजून विचित्र. मे महिन्यात तिथे ठिपकाभर पाणी असतं, जुलैत तोच ओढा माणूस ओढून नेतो, आणि ऑक्टोबरमध्ये परत फोटो काढण्याजोगा होतो. रेटिंग मात्र बारा महिने एकच. शिवाय बहुतेक रेटिंग देणारे सुखरूप घरी पोचलेले असतात आणि मूडमध्ये असतात. ज्यांना वाटेत पोलिसांनी परत पाठवलं ते रेटिंग द्यायच्या फंदात पडत नाहीत. त्यामुळे धोकादायक जागांचे स्टार चांगलेच दिसणार.

यावर एक सोपी युक्ती आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. रिव्ह्यू उघडले की ते ‘मोस्ट रेलेव्हंट’ या क्रमाने दिसतात. ते बदलून ‘न्यूएस्ट’ करा. मग रिव्ह्यूमधल्या सर्चमध्ये ‘बंद’, ‘closed’ला जो शब्द तुम्ही वापरता तो, ‘पार्किंग’, ‘निसरडं’ असे शब्द टाकून बघा. मागच्या दोन-तीन आठवड्यांतले चार रिव्ह्यू मिळाले तरी ते ४.६ पेक्षा जास्त सांगतात.

पॉइंट कशाचे मिळतात?

गूगलचा लोकल गाइड्स कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. रिव्ह्यू लिहिला की १० पॉइंट, तो २०० अक्षरांच्या पुढे गेला तर आणखी १०, फोटोला ५, नवीन जागा जोडली तर १५. २५० पॉइंट झाले की चौथी लेव्हल आणि नावाशेजारी बॅज. दहाव्या लेव्हलला १ लाख पॉइंट लागतात.

यात वाईट काही नाही. रस्त्यावरचं एक छोटं दुकान मॅप्सवर दिसतं ते कुणीतरी फुकटात जोडलं म्हणून. पण पॉइंट मिळतात संख्येचे. एकाच हॉटेलचे ताटाचे, पंख्याचे, बेसिनचे असे बारा फोटो टाकले की ६० पॉइंट, आणि ‘गेल्या आठवड्यापासून सोमवारी बंद असतं’ ही कामाची माहिती दिली तर त्याच्या मानाने किरकोळ. मग ‘छान जागा, फॅमिलीसोबत नक्की भेट द्या’ या छापाचे रिव्ह्यू येतात. तोच मजकूर महाबळेश्वरला, तोच नाशिकच्या हॉटेलला, तोच एखाद्या दवाखान्याला. (दवाखान्याला फॅमिलीसोबत भेट द्या म्हणणाऱ्या गाइडला माझा नमस्कार.)

विकत घेतलेले स्टार

‘टेबलावरचा क्यूआर स्कॅन करून ५ स्टार द्या, गुलाबजाम फ्री’ हे तुम्ही पाहिलं असेलच. गूगलच्या नियमांत हे बसत नाही. पैसे, सूट किंवा फुकट वस्तू देऊन रिव्ह्यू मिळवायला मनाई आहे. हॉटेलवाल्याला नियम माहीत नसतो किंवा माहीत असून तो करतो, कारण शेजारच्याने केलेलं असतं. आणि गुलाबजाम खाऊन झाल्यावर ३ स्टार द्यायची हिंमत आपल्यातही नसते.

याच्या पुढची पायरी सरळ गुन्हेगारीची आहे. व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर मेसेज येतो: घरबसल्या काम, हॉटेलना मॅप्सवर रेटिंग द्या, प्रत्येकी ५० ते १५० रुपये. पहिले दोन-तीनशे रुपये खरंच खात्यात येतात. मग ‘प्रीपेड टास्क’ येतो, आधी १००० भरा, १३०० परत. तेही येतात. त्यानंतर रक्कम वाढत जाते आणि एक दिवस लाखभर अडकतात. पोलिस याला टास्क फ्रॉड म्हणतात, आणि यात कॉलेजची पोरं, आयटीवाले, गृहिणी सगळेच सापडलेत. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. पण पैसे बुडाले नाहीत तरी मागे कचरा उरतोच. कधीही न पाहिलेल्या गावातल्या हॉटेलला तुम्ही दिलेले ५ स्टार. अनेकदा त्या हॉटेलवाल्यालाही याचा पत्ता नसतो.

गूगल हे थांबवायला बघतं. २०२४ मध्ये नियम मोडणारे २४ कोटींहून जास्त रिव्ह्यू अडवले किंवा काढले, असं कंपनी सांगते; २०२३ चा आकडा १७ कोटींचा होता. अमेरिकेत खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये लागू झाला, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्येच ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. पण ते आणलं ऐच्छिक म्हणून, आणि ऐच्छिक नियम आपण कसे पाळतो ते सिग्नलला पिवळा दिवा लागला की कळतं.

फूड रीलवाल्यांसाठी मात्र नियम आहे. फुकट जेवण किंवा पैसे घेऊन कौतुक केलं तर ते स्पष्ट सांगावं लागतं. न सांगता फसवी जाहिरात केली तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. तरीही ‘पुण्यातली बेस्ट बिर्याणी’ दर आठवड्याला नवीन सापडते.

मग गावातला माणूस गप्प का?

माझ्या मते खरी अडचण बनावट रिव्ह्यूंपेक्षा इथे आहे. बाहेरचा माणूस एकदा येतो, लिहून जातो. गावातला माणूस रोज तिथेच खातो आणि लिहीत नाही. कारण उघड आहे. कोपऱ्यावरच्या काकांच्या वड्याला २ स्टार दिले आणि वर आपलं नाव-आडनाव, फोटो दिसला, तर उद्या चहा प्यायला जायचं कुठल्या तोंडाने? छोट्या गावात तर ‘हा अमक्याचा मुलगा’ इतपत ओळख लागते. म्हणून आपण एकतर ५ देतो किंवा काहीच देत नाही. परिणाम असा की आता ३.९ म्हणजे लोकांना टाकाऊ वाटतं.

२०२५ च्या शेवटी गूगलने मॅप्सवर टोपणनावाने आणि वेगळ्या फोटोने रिव्ह्यू लिहायची सोय आणली. लहान गावांसाठी याचा उपयोग आहे. टोपणनाव घेऊन हिशोब चुकते करणारेही निघतील, पण गप्प बसलेले चार जण त्यामुळे बोलले तर सौदा वाईट नाही.

टोपणनाव असलं तरी जबाबदारी जात नाही, हेही सांगायला हवं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामी हा गुन्हा आहे आणि तो ऑनलाइन लिहिण्यालाही लागतो. ‘मालक चोर आहे’ असं लिहू नका. ‘१२ तारखेला रात्री बिलात ४० रुपये सर्व्हिस चार्ज लावला, विचारल्यावर काढला नाही’ असं लिहा. पहिलं मत आहे आणि ते अंगाशी येऊ शकतं. दुसरं घडलेलं आहे, बिलाचा फोटो जवळ ठेवा. आणि वाचणाऱ्याच्या कामाचं दुसरंच आहे.

स्टार किती द्यायचे हे सुटत नसेल तर सरळ मजकुरावर लक्ष द्या. काकांना ४ द्या, पण लिहा: ‘वडा सकाळी ८ ते १० मध्येच खा, नंतरचा गार असतो. बसायला जागा नाही. यूपीआय चालतं.’ यात काकांचा अपमान नाही आणि येणाऱ्याची फसवणूकही नाही. वेळ हीच बाहेरच्यांची सगळ्यात मोठी गैरसोय असते. पुण्यात दुकान दुपारी १ ते ४ बंद, हा विनोद महाराष्ट्राला पाठ आहे. चितळे बंधूंनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची बातमी झाली. तुमच्या गावातल्या बदललेल्या वेळेची बातमी होणार नाही. ती ‘सजेस्ट ॲन एडिट’मध्ये जाऊन तुम्हीच टाकायची.

सिंहगडाचं उदाहरण घ्या. ‘अप्रतिम किल्ला, जबरदस्त व्ह्यू’ हे हजारोंनी लिहिलंय. पहिल्यांदा येणाऱ्याला हवंय ते वेगळं: स्वारगेटहून पायथ्यापर्यंत पीएमपीची बस आहे, आतकरवाडीची पायवाट पावसात निसरडी होते, घाटरस्त्याने वर जाताना गाडीचा टोल लागतो, पावसाळ्यात दरड पडली की तो रस्ता बंद होतो, रविवारी सकाळी उशिरा निघालात तर पिठलं-भाकरीच्या आधी ट्रॅफिकच खावा लागेल. हे लिहायला लेखक असावं लागत नाही, चार वेळा गेलेलं असावं लागतं. आणि शेवटी महिना टाका. ‘जुलैमध्ये गेलो होतो’ या तीन शब्दांनी तुमचा रिव्ह्यू सरासरीपेक्षा शहाणा होतो.

मॅप्समध्ये आता जेमिनीही आलंय. ते रिव्ह्यू वाचून दोन ओळींचा सारांश काढतं. ते स्वतः कुठे जात नाही, मिसळ खात नाही. तुम्ही जे लिहिलं तेवढंच त्याला माहीत. मराठीत लिहिलं तरी चालतं, कारण वाचणाऱ्याला रिव्ह्यू त्याच्या भाषेत भाषांतर होऊन दिसतो.

काही जागा पिन करूच नयेत का?

या प्रश्नाचं उत्तर मला सोपं वाटत नाही. कास पठार २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, गर्दी फुलांवर पाय देऊ लागली, आणि शेवटी ऑनलाइन बुकिंग आणि दिवसाला ३००० जणांची मर्यादा आणावी लागली. तिथे निदान व्यवस्था उभी राहिली. गावामागच्या एखाद्या झऱ्याला फाटक नाही, जीवरक्षक नाही, कचरा उचलणारा नाही, फोनला रेंज नाही. तो मॅप्सवर टाकला तर १५ पॉइंट मिळतील आणि पुढच्या रविवारी ४० गाड्या येतील. रायगड जिल्ह्यातल्या कुंभे धबधब्यावर जुलै २०२४ मध्ये रील करायला आलेली २७ वर्षांची तरुणी साधारण ३०० फूट खोल दरीत पडून गेली. तिला बाहेर काढायला बचाव पथकांना दोर लावून खाली उतरावं लागलं.

माझा कल असा: जागा मॅप्सवर नसेल आणि तिथे काहीच सोय नसेल तर जोडू नका. आधीच असेल तर तुम्ही न लिहिल्याने गर्दी थांबणार नाही, तेव्हा धोका लिहा आणि स्वच्छ लिहा. पाणी कुठून अचानक वाढतं, कोणता दगड शेवाळलेला आहे, शेवटची एसटी किती वाजता, जवळचा दवाखाना कोणत्या गावात. पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदी आदेश काढतात. त्यांची मुदत असते, त्यामुळे आदेशाची तारीखही लिहा. आणि सप्टेंबरात बंदी उठली की तोच रिव्ह्यू एडिट करा. जुना तसाच ठेवला तर पुढच्या वर्षी त्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.