ड्रोनची फिल्म : आधी हात बसवा, मग कात्री लावा



एके काळी गावात नवा ट्रॅक्टर आला की सारे गाव बघायला लोटत असे. आज डोक्यावरून ड्रोन घोंघावत गेला तरी कोणी मान वर करीत नाही. लग्न, वास्तुशांत, यात्रा, बैलगाडी शर्यत, इतकेच काय, कारखान्याचे बॉयलर अग्निप्रदीपन आणि गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा कार्यक्रमसुद्धा आता वरून टिपला जातो. फवारणीचे मोठे ड्रोन वेगळे. केंद्र सरकारने २०२३ साली १५ हजार महिला बचत गटांना जे द्यायचे ठरविले, ते फवारणीचे. मी लिहितो आहे ते कॅमेऱ्याच्या लहान ड्रोनविषयी, जे आपल्या सभासदांच्या घरची पोरं हौसेने घेत आहेत.

हौसेला माझा विरोध नाही. पण स्पष्ट बोलायचे तर यांतल्या दहापैकी नऊ फिल्मा बघवत नाहीत. ड्रोन सरळ वर जातो, गरकन फिरतो, खाली हिरवे-तांबडे काहीतरी धावते, वर कर्णकर्कश गाणे. एका गट सभेत अशीच एक फिल्म लावली तेव्हा मागच्या रांगेतले एक आबा म्हणाले, "आरं बंद करा, घाटात यष्टीत बसल्यावानी मळमळाय लागलंय." सगळे हसले. हसण्यावारी न्यावी अशी मात्र ही गोष्ट नाही.

कारण असे की, हेच यंत्र उद्या आपल्या गरजेला येणार आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत कोल्हापूर-सांगलीकडच्या नदीकाठी उसाच्या मळ्यांत पाणी शिरले. त्या दिवसांत वरून काढलेल्या फिल्मा सर्वांनी मोबाईलवर पाहिल्या. तांबड्या पाण्याची चादर, मधे कुठे देवळाचा कळस. मन हेलावले, पण उसाचे काय झाले ते त्यांत कळेना. ऊस उत्पादकाला माहीत आहे की, शेंडा पाण्यावर राहिला तर ऊस तग धरतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात गाळ बसला की पोंगा कुजतो, मग वरचे खुंटते आणि कांड्यांवर पांगशा फुटतात. तीनशे फुटांवरून हा फरक दिसत नाही. तीस-चाळीस फुटांवरून, सावकाश गेले तर स्वच्छ दिसतो. नैसर्गिक आपत्तीच्या मदतीला ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसानीची अट असते. फिल्म काही पंचनाम्याची जागा घेणार नाही, परंतु जिथे माणूस कमरेएवढ्या चिखलातून जाऊ शकत नाही, तिथला आतला तुकडा पंचनामा करणाऱ्याला दाखविता येईल. यासाठी फिल्म काढणाऱ्याचा हात बसलेला हवा, आणि तो पुराच्या दिवशी बसत नाही.

आमच्या तरुणांचा समज असा की, फिल्म चांगली येत नाही म्हणजे ड्रोन हलका आहे, मोठा घ्यावा. हे मला मुळीच मान्य नाही. नवा खोंड आपण एकदम नांगराला जुंपतो काय? आधी मोकळ्या रानात फिरवतो, ओंडका ओढायला लावतो, मग जोडीला घालतो. ड्रोनचेही तसेच. पहिला आठवडा कॅमेरा चालू करूच नये. पडीक रानात पन्नास-पन्नास पावलांवर चार खुंट्या ठोका आणि त्यांच्यावरून चौकोनी फेरी मारा, ड्रोनचे तोंड पुढे ठेवून. ते जमले की ड्रोनचे तोंड आपल्याकडे करून तीच फेरी मारा. इथे भल्याभल्यांची गडबड होते, कारण तोंड आपल्याकडे झाले की डावे-उजवे उलटे होते. उजवीकडे दाबावे तर ड्रोन आपल्या डाव्या हाताला जातो. हा उलटा हिशोब बोटांना न विचार करता कळू लागला, की मग आठाच्या आकड्यात फिरवा. रोज एक बॅटरी, एवढेच. रविवारी सहा बॅटऱ्या उडवून पुढे महिनाभर पेटीत ठेवण्यापेक्षा हे बरे.

मग कॅमेरा. इथे एकच नियम पाळला तरी निम्मे काम होते : एका वेळी एकच हालचाल. पुढे जायचे तर नुसते पुढे जा. वर जायचे तर नुसते वर. शिकाऊ माणूस पुढे जाता जाता वळतो, वळता वळता उंची बदलतो, त्यातच कॅमेरा खाली-वर करतो, आणि बघणाऱ्याचे डोके फिरते. रिमोटच्या दांड्या ढकलायच्या नाहीत, अंगठ्याने हळूहळू दाबत न्यायच्या आणि तशाच हळूहळू सोडायच्या. बऱ्याच ड्रोनमध्ये 'सिने' नावाची संथ चाल असते. पहिले सहा महिने तीच ठेवा. फिल्म सुरू केली की पाच सेकंद ड्रोन स्थिर ठेवा, मग हलवा, थांबल्यावर पुन्हा पाच सेकंद द्या. पुढे कापताना ही दोन्ही टोके धरायला लागतात. ती नसतील तर चांगला तुकडाही वाया जातो. दोन हालचालींची जोड हवीच असेल, तर ती पुढची पायरी समजावी : एका बाजूला सरकत सरकत तोंड उलट बाजूला वळवीत राहिले की विहिरीभोवती, झाडाभोवती गोल फिरता येते. त्याला महिना लागला तरी वाईट वाटून घेऊ नये.

उंचीबद्दल पोरांना फारच प्रेम. परंतु उंचीवरून वेग जाणवत नाही, सगळे नकाशासारखे सपाट दिसते. उसाच्या शेंड्यांच्या वर वीस-पंचवीस फूट ठेवून सरींच्या दिशेने संथ जा. खालून सऱ्या मागे सरकतात, तेव्हा रान जिवंत वाटते. वेळ सकाळची धरावी. ऊन तिरपे असते, सरीची सावली पडते, वाराही बहुधा कमी असतो. भर दुपारी तोच प्लॉट चपटा दिसतो. फक्त कॅमेरा सरळ खाली करून प्लॉट तपासायचा असेल तर ऊन वर आलेले चालते. खोडव्यात नांग्या कुठे पडल्या, हुमणीने कुठला पट्टा पिवळा पाडला, ठिबकची नळी कुठे फुटून पाणी साचले, हे तशा चित्रात बांधावरून दिसत नाही इतके उघड दिसते.

थोडे कॅमेऱ्याच्या पोटातले. फिल्म म्हणजे सेकंदाला २५ चित्रे. त्या हिशोबाने प्रत्येक चित्राला शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे असावे, असा चित्रीकरणातला जुना ठोकताळा आहे. आपल्याकडच्या उन्हात कॅमेरा आपल्या मनाने हजारावा भाग धरतो, मग प्रत्येक चित्र कोरीव येते आणि चाल मात्र अडखळत, टकटक अशी दिसते. लहान ड्रोनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत उजेडाचे भोक लहान करता येत नाही, म्हणून भिंगावर काळी काच बसवावी लागते. तिला एनडी फिल्टर म्हणतात. उन्हात आपण चष्मा लावतो त्यातलाच प्रकार. दुसरे, रंग आपोआप ठरविण्याची सोय बंद करून ठेवा, नाही तर उसावरून आभाळाकडे कॅमेरा उचलला की हिरवा रंग वाटेत निळसर होतो, आणि मागून तो दुरुस्त करता करता पुरेवाट होते.

सुरक्षिततेचे थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वांना ऐकून माहीत असते आणि कोणी पाळत नाही. मळ्यातल्या विजेच्या तारा पडद्यावर दिसत नाहीत; उडविण्याआधी खांब मोजा. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना वारा पाठीशी असतो. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की परत फिरा. घार मागे लागली तर तिच्याशी खेळू नका, उतरा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रातसुद्धा ४०० फुटांची मर्यादा आहे. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन घेऊन लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायच्या तर लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, तेव्हा बिनपावतीचा माल स्वस्तात देणारा भेटला तर त्याच्या नादी लागू नये. आणि पुराच्या वेळी बचावाचे हेलिकॉप्टर फिरत असेल तर आपला ड्रोन जमिनीवरच राहिला पाहिजे, फिल्म गेली तरी हरकत नाही.

आता कात्री. उडविण्यापेक्षा इथे जास्त पोरे नापास होतात. वीस मिनिटांचे चित्रीकरण केले तर त्यातले दोन मिनिटे ठेवण्यासारखे निघाले तरी पुष्कळ. बेणे निवडताना आपण काय करतो? रोगट कांडी, डोळा फुटलेली कांडी, जुनाट कांडी बाजूला टाकतो, तिथे हात आखडत नाही. फिल्म कापताना मात्र "एवढ्या लांब जाऊन काढलंय" म्हणून सगळेच ठेवतो. बघणाऱ्याला तुमच्या श्रमाशी कर्तव्य नसते. एक तुकडा चार-पाच सेकंद पुरतो. आधी सबंध शिवार, मग तो प्लॉट, मग जवळून सरी, असे क्रमाने लावले की माणसाला आपण कुठे आहोत ते कळते. डावीकडे सरकणाऱ्या तुकड्याला उजवीकडे सरकणारा जोडला की हिसका बसतो; मधे एक स्थिर तुकडा घाला. चित्र उलगडत, विरघळत, चक्राकार फिरत बदलण्याच्या ज्या करामती संगणक देतो, त्यांतली एकही वापरू नये असे माझे मत आहे. रंगही भडक करू नयेत. आपला ऊस मुळातच हिरवा आहे. कापण्यासाठी पैसे घालवायची गरज नाही. डाविंची रिझॉल्व्हसारखे पक्के सॉफ्टवेअर फुकट मिळते, फक्त संगणक बरा लागतो.

आवाजाचा विचार तर कोणीच करीत नाही. लहान ड्रोनचा कॅमेरा बहुधा आवाज घेतच नाही, आणि घेतला तरी पंख्यांची घरघरच येणार. म्हणून गाणे चिकटवतात. त्याऐवजी साध्या मोबाईलवर खालचे आवाज टिपून आणा : कोयत्याचे घाव, तोडणीवाल्यांची हाळी, बैलांच्या गळ्यातली घुंगरे, कारखान्याचा भोंगा. ते आवाज आणि माणसांचे जवळून घेतलेले दोन-तीन तुकडे मधे घातले की वरच्या चित्राला अर्थ येतो. नुसते वरून बघितले तर तोडणी मजूर मुंगीएवढा दिसतो. त्याच्या कष्टावर हंगाम चालतो, तेव्हा त्याला एकदा तरी तोंडासमोरून दाखवा, मात्र त्याला विचारून. आणि कोणाच्या परसात, न्हाणीघरावर ड्रोन नेणाऱ्याला गावाने समज द्यायला हवी.

आभाळातून छायाचित्र घेण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न फ्रान्समध्ये नादार या छायाचित्रकाराने १८५८ साली केला, तो बलूनमधून. त्याच्या काचा पुनःपुन्हा काळ्या पडत. बलूनमधून सुटणारा वायू त्या खराब करतो हे पुष्कळ खेपांनंतर ध्यानात आले, असे सांगतात. आपल्या पोरांना तर फसलेली फिल्म दहाव्या मिनिटाला घरी बसून बघता येते. तेवढे तरी करावे. प्रत्येक उड्डाणानंतर वहीत दोन ओळी लिहाव्यात : वारा कसा, उंची किती, काय बिघडले.

एक इशारा मात्र जरूर देतो. सभेत दाखवायची फिल्म कापा, सजवा, पण नुकसानीची, चराची, बांधाच्या तंट्याची फिल्म असेल तर मूळ चित्रीकरणाला हात लावायचा नाही. ते जसेच्या तसे, तारखेसह, वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा आणि दाखविण्यासाठी प्रत काढा. रंग गडद केलेल्या, मधूनच कापलेल्या फिल्मवर कोणताही अधिकारी विश्वास ठेवणार नाही, आणि का ठेवावा? एकाने पाणी फुगवून दाखविले, की उरलेल्या शंभर जणांचे खरे पाणीही खोटे ठरते.

संचालक मंडळाकडे माझी एक सूचना आहे. मोळीपूजनाच्या दिवशी बाहेरून चित्रीकरणवाला बोलावून हारतुऱ्यांची फिल्म करण्याचा प्रघात पडत चालला आहे. तो खर्च थांबवावा, आणि त्या पैशात दर गटातल्या दोन-तीन होतकरू मुला-मुलींना शेतकी खात्यामार्फत महिनाभर शिकवावे. मुली म्हणतो ते मुद्दाम. संथ हात हा यातला मोठा गुण आहे आणि तो कोणाकडे जास्त असतो हे घरोघरी माहीत आहे. त्यांना पहिले काम पावसाळ्यापूर्वी गटातल्या चरांचे आणि ओढ्यांचे द्यावे. कुठल्या खुणेवरून, किती उंचीवरून, कुठल्या दिशेने फिल्म घेतली ते गट ऑफिसच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवावे, म्हणजे पाणी चढले की त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून दुसरी घेता येईल आणि दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघता येतील.