गप्प बसलात म्हणजे हो म्हणालात

बँकेचा ईमेल आला तेव्हा मी सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये होतो. विषय होता ‘तुमच्या कार्डाच्या सुविधांमध्ये सुधारणा’. सुधारणाच आहे तर नंतर बघू म्हटलं आणि विसरलो. चार महिन्यांनी स्टेटमेंटमध्ये १५०० रुपये वार्षिक फी दिसली, वर १८ टक्के जीएसटीचे २७०. आधी वर्षाला एक लाख खर्च केले की ही फी माफ व्हायची. ‘सुधारणे’नंतर ती मर्यादा दोन लाख झाली होती. कस्टमर केअरवरची मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुम्हाला ईमेल गेला होता. तुम्ही हरकत घेतली नाहीत."

तिचं चूक नव्हतं, आणि माझा राग त्यावरच आहे. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार अटी बदलताना ग्राहकाला ३० दिवस आधी कळवायचं असतं. त्या मुदतीत त्यानं कार्ड सोडलं नाही, तर नव्या अटी त्याला मान्य आहेत असं धरलं जातं. गप्प बसणं हीच सही! आणि गंमत बघा, त्याच निर्देशांत क्रेडिट लिमिट वाढवायला मात्र तुमची स्पष्ट संमती लागते. मग फीच्या अटी बदलताना का नको?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आम्ही एखादी एपीआय बदलली तर ती वापरणाऱ्यांना जुनं काय, नवं काय हे शेजारी-शेजारी मांडून दाखवावं लागतं, नाहीतर ते आमच्या मॅनेजरचं डोकं खातात. मला आलेल्या ईमेलमध्ये फक्त नवी अट होती. जुनी काय होती ते आपण आठवायचं. दोन रकाने आणि खाली ‘मान्य’चं बटण, हे काम आमच्याकडची इंटर्नसुद्धा दोन दिवसांत करेल. ईएमआय विकायचा असला की याच ॲपमध्ये अख्खा स्क्रीन भरून पॉप-अप येतो, तेव्हा कुठली अडचण येत नाही.

‘वाचायचं होतंस ना’ म्हणणारे मित्र मलाही आहेत. त्यांनी स्वतःच्या कार्डाच्या अटी शेवटच्या कधी वाचल्या, ते सांगावं.

नियम बदलेपर्यंत एवढं करा. बँकेच्या ईमेलना वेगळं लेबल लावा, ते प्रमोशन्सच्या ढिगात जाऊ देऊ नका. कार्ड घेताना मिळालेली अटींची पीडीएफ जपून ठेवा, तुलना तिच्याशीच करता येते. शुल्क तुमच्या तोट्याचं वाढलं म्हणून कार्ड सोडलंत, तर बंद करण्याचे जादा पैसे बँकेला घेता येत नाहीत. थकबाकी मात्र भरलेली हवी. आधी रिवॉर्ड पॉइंट वापरून टाका. (मी विसरलो.) अर्ज दिल्यावर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये बँकेनं तुम्हाला द्यायचे असतात. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

मी अर्ज केला तसा दुसऱ्याच दिवशी फोन आला. "सर, फी परत करतो, कार्ड ठेवा." म्हटलं, पुढच्या वर्षी अट बदलताना मला आधी विचाराल, एवढं ईमेलवर लिहून द्या.

"तसं लिहून देता येत नाही, सर."

कार्ड बंद केलं.