बीपीची गोळी: 'अडीच' म्हणजे अर्धा डोस नव्हे

नांदेड-लातूरकडचे रुग्ण विचारतात, "डॉक्टर, पाचची अम्लोडिपिन अडीचची कशी झाली?"

अम्लोडिपिनचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे दोन प्रकारचे असतात; साध्या गोळीत निम्मे-निम्मे. बीपी उतरवतो तो मुख्यतः 'एस' रेणू. त्याचे द्रावण ध्रुवीकृत प्रकाश डावीकडे वळवते. फक्त याच रेणूची गोळी पुण्याची एमक्युअर कंपनी विकते. अमेरिकेत अशा गोळीला डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी मिळाली.

म्हणजेच एस-अम्लोडिपिन २.५ मिग्रॅ = साधी अम्लोडिपिन ५ मिग्रॅ. अडीच वाचून दोन गोळ्या घेऊ नका, जुनी-नवी एकत्रही घेऊ नका. बीपी फार उतरून चक्कर येऊ शकते. साध्या गोळीने बीपी आटोक्यात असेल, पायांवर सूज नसेल, तर महागडी गोळी घेण्याची गरज नाही. बदल डॉक्टरांना विचारूनच करा.