सालेमचे पत्र आणि पुढची बारा वर्षे

१९३२च्या ऑगस्टमध्ये तेव्हाच्या जर्मनीतल्या सायलेशियातील पोटेम्पा या खेड्यात एसए या नाझी निमलष्करी दलाच्या माणसांनी कोनराड पीत्सुख या कम्युनिस्ट कामगाराला घरात घुसून, त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत ठार मारले. न्यायालयाने पाच जणांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा हिटलरने त्या मारेकऱ्यांना तार करून आपण त्यांच्या पाठीशी असल्याचे जाहीर केले. त्यावर बोडन सरोवराजवळच्या सालेम या निवासी शाळेचे एक संस्थापक आणि प्रमुख कुर्ट हान यांनी माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवले. एसए किंवा एसएस या नाझी संघटनांत असाल तर हिटलरशी नाते तोडा, नाहीतर सालेमशी तोडा, असा त्याचा आशय होता.

सरदार-उमरावांची आणि धनिकांची मुले ज्या शाळेत शिकत होती, तिच्या प्रमुखाने हे लिहावे याला फार मोठे धैर्य लागते. हान ज्यू कुटुंबात जन्मलेले, आणि कट्टर देशाभिमानीही. हिटलर सत्तेवर आल्यावर, मार्च १९३३मध्ये त्यांना अटक झाली. पोटेम्पाचे मारेकरी त्याच महिन्यात तुरुंगातून सुटले! ब्रिटनमधून रदबदली झाल्यावर हान यांची सुटका झाली, त्याच वर्षी त्यांनी देश सोडला आणि १९३४ साली स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टाउन शाळा काढली.

सालेमची कहाणी सांगताना बहुतेक जण हान यांच्या मागोमाग समुद्र ओलांडतात. शाळा मात्र तिथेच राहिली आणि चालू राहिली. ज्या संघटनांतून बाहेर पडा असे संस्थापकाने बजावले होते, त्यांच्याच राजवटीशी जमवून घेत ती तगली. युद्धकाळात तर तिच्यावर थेट एसएसची देखरेख आली. १९४५मध्ये ती बंद पडली आणि त्याच वर्षअखेरीस पुन्हा उघडली.

शाळा वाचवणे हेही कर्तव्यच, असे त्या वेळी तिथे राहिलेल्यांना वाटले असेल, आणि ते सगळेच भ्याड होते असे मी म्हणणार नाही. मुलांना वाऱ्यावर सोडून जाणे सोपे नसते. पण सालेम ही साधी शाळा नव्हती. चारित्र्य घडवणे हेच तिचे घोषित काम होते. तिथे मुलांनी आपल्या रोजच्या शिस्तीची नोंद स्वतःच ठेवायची, आणि ती खरी असेल असा शाळेने विश्वास टाकायचा, अशी पद्धत होती. मुलांकडून एवढा प्रामाणिकपणा मागणाऱ्या संस्थेने आपल्या बारा वर्षांची नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे ठेवायला हवी. कोणत्या ज्यू मुलांना आणि शिक्षकांना जावे लागले, कोण थांबले, कुणी कुणासाठी शब्द टाकला, कुणी टाकला नाही, हे सारे तिच्यात हवे. संस्थापकाच्या एका धाडसी पत्राने त्याच्या पश्चात घेतलेले निर्णय झाकले जाऊ नयेत.

हे आपल्यापासून फार लांबचेही नाही. हान यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज चळवळीची एक संस्था १९९७पासून पुण्याजवळ मुळशी तालुक्यात आहे. तिथल्या मुलांना हान यांच्याविषयी शिकवताना १९३२च्या पत्रापाशी थांबू नये. १९३३ ते १९४५ या काळातले सालेमही त्यांच्यापुढे ठेवावे, आणि त्या शिक्षकांच्या जागी आपण असतो तर कोणत्या दिवशी राजीनामा दिला असता, हे त्यांना विचारावे.