नाल्याची तब्येत कोणी सांगायची?



मार्गशीर्षात साक्री तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. विषय कर्जफेडीचा होता, पण बायका आल्या त्याच तावातावाने. नाल्यावरच्या घाटाशी पाटी लागली होती : ‘येथे कपडे धुण्यास मनाई आहे.’ कारण, नाला घाण होतो. घाटाच्या वरच्या अंगाला शंभरएक पावलांवर गावच्या गटाराची नळी नाल्यात पडते. तिथे पाटी नाही.

कर्जफेड राहिली बाजूला. आम्ही नाल्यावर गेलो.

नाला निरोगी आहे की आजारी, हे पाहायची एक साधी रीत आहे. वाहत्या पाण्यातला दगड उचलायचा, उलटा करायचा आणि त्याला काय चिकटले आहे ते बघायचे. शेपटीला तीन तंतू असलेल्या मेफ्लायच्या अळ्या, वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी बांधणारे किडे, हे प्राणवायू भरपूर असलेल्या पाण्यातच टिकतात. चतुराची पिल्ले जरा दमदार. आणि गाळात वळवळणाऱ्या लालभडक अळ्या दिसल्या की समजावे, इथे श्वास कोंडला आहे. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तात असते तसल्याच द्रव्याचा असतो, म्हणून थोडक्या प्राणवायूवरही त्या तग धरतात. हा काही घरगुती ठोकताळा नव्हे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांतही अशा जीवांच्या कुळांना गुण देऊनच पाण्याची प्रत ठरते. बाटलीतला नमुना त्या घटकेचे पाणी सांगतो. दगडाखालचा किडा मागचे कित्येक आठवडे त्याच पाण्यात काढून बसलेला असतो.

आम्ही तीन जागा पाहिल्या. नळीच्या वर तीन शेपटांच्या अळ्या होत्या, दोन झिंगेही सापडले. नळी आणि घाट यांच्या मध्ये लाल अळ्या, काळा गाळ आणि वास. घाटाच्या खाली तेच, वर साबणाचा फेस. साबणाने काही बिघडत नाही असे मी म्हणणार नाही. पण नाला घाटावर येतो तो आधीच आजारी होऊन. सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, “पह्यले आठे दगड उचला का खेकडा निंघे. आते निस्ता गाळ शे.” खेकडे कोणत्या पोळ्यानंतर दिसेनासे झाले, कोणता डोह कोणत्या महिन्यापर्यंत टिकायचा, सारे त्यांना ठाऊक. पाटी लावण्याआधी त्यांना कोणी विचारले नव्हते.

विचारत नाहीतच. खानदेशातली फड पद्धत आपण अभिमानाने सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवरच्या बंधाऱ्यांचे पाणी शेतकऱ्यांनी शतकानुशतके सामाईक नियमांनी वाटले, आणि ते अभिमानाचेच आहे. पण ते नियम करणारे, पाटावर पाणी फिरवणारे सगळे पुरुष. घाटावरचे पाणी कोणाच्याच हिशेबात नव्हते.

आजचा हिशेब किती पाणी अडले याचा असतो. 2004च्या सुमारास शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद आणि खोल करण्याचे काम सुरू झाले. विहिरींना पाणी वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे 2014 साली आलेल्या जलयुक्त शिवारात खोलीकरण गावोगाव पोचले. लांबी, रुंदी, खोली, साठा यांचे रकाने भरले. खळाळ गेले, दगड गेले, काठची झुडपे गेली, त्यांना रकाना नव्हता. उभ्या कातलेल्या काठावरून डोक्यावर हंडा घेऊन बाई खाली कशी उतरणार, यालाही नव्हता.

याच साक्री तालुक्यातले बारीपाडा वेगळ्या वाटेने गेले. त्यांनी आधी जंगल राखले, मग पाणी आपोआप टिकू लागले. चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली, ती योग्यच. मला तिथला वनभाज्यांचा महोत्सव महत्त्वाचा वाटतो. कोणती भाजी ओलीला येते, कोणती कातळावर, हे बायकांचे ज्ञान तिथे निदान एक दिवस तरी परीक्षकांपुढे मांडले जाते.

2019च्या जलजीवन मिशनने प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचे ठरवले. चांगले आहे. पण ती पेटी नळ आणि विहिरीपुरती. गिरणा, तापी या आपल्या नद्या मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आल्या, त्या अशाच नळ्यांचे पाणी पोटात घेऊन. आणि कापसावरच्या फवारणीचे पंप नाल्यात धुतले जातात, तेव्हा त्या फवाऱ्याने भिजलेले नवऱ्याचे कपडे चोळणारे हातही बाईचेच असतात.

गटांना एक सुचवते. आपले बहुतेक नाले उन्हाळ्यात आटतात, आटला म्हणजे मेला असे नाही. म्हणून भाद्रपद ते पौष या काळात दोनदा दगड उलटून पाहा. वर, मध्ये, खाली. काय दिसले ते तारखेसकट वहीत लिहा, म्हाताऱ्या बायकांच्या आठवणीही लिहा. हातमोजे घाला, नंतर हात साबणाने धुवा.

आमच्या गटाने ती वही 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवली. लाल अळ्या बरणीत भरून नेल्या होत्या; त्या बघायला मात्र सगळे पुढे आले. नळीचा विषय पुढच्या सभेवर गेला आहे. पाटी अजून तिथेच आहे, आणि बायका तिच्याच खांबाला दोरी बांधून कपडे वाळत घालतात.