रक्ताची खूण, यकृताचा रोग

हिपॅटायटिस 'सी'चा विषाणू ठाण मांडतो यकृतात. झळ मात्र रक्तालाही लागते. प्लीहा वाढून प्लेटलेट घटतात. क्वचित लसीकाग्रंथींचा कर्करोगही उद्भवतो. पूर्वी तर उपचारच रक्ताच्या मुळावर येई! इंटरफेरॉनने पांढऱ्या पेशी व प्लेटलेट कमी होत, रिबाव्हिरिनने तांबड्या पेशी फुटत. वारंवार घ्याव्या लागणाऱ्या रक्तातूनच हा रोग जडलेल्या थॅलसिमियाग्रस्तांना औषध द्यावे तरी कसे, हा डॉक्टरांपुढे पेच असे. २०१३ पासून आलेल्या नव्या गोळ्यांनी तो बव्हंशी सोडविला. सामान्यतः बारा आठवड्यांत बहुतेक रुग्ण विषाणुमुक्त होतात. शासकीय कार्यक्रमात २०१८ पासून हे उपचार मोफत आहेत. मग प्लेटलेट महिनोन्‌महिने कमी राहूनही साधी 'सी' चाचणी का होऊ नये? प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नित्याची व्हावयास हवी.