पीजचा टीव्ही

परवा वर्गात बोलीभाषांचा विषय निघाला, तेव्हा मुलांना विचारले, गुजरातेत टीव्हीचे पहिले प्रक्षेपण केंद्र कुठे झाले? अहमदाबाद, बडोदा, आपली सुरत, सगळी मोठी नावे घेऊन झाली. उत्तर होते पीज. खेडा जिल्ह्यातले, नडियादजवळचे एक गाव!

1975 साली अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला. त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा प्रयोग इस्रोने केला. विक्रम साराभाईंचे हे स्वप्न त्यांच्या पश्चात उतरवण्याची धुरा कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीसांकडे होती. त्याच सुमारास इस्रोने पीजला एक किलोवॉटचे छोटे प्रक्षेपण यंत्र बसवले. उपग्रह वर्षाने परत गेला, पीज मात्र सुरू राहिले.

गंमत अशी, की या केंद्राला दोन घरे होती. यंत्र आणि गावासाठीचे कार्यक्रम इस्रोचे, बाकीचे दूरदर्शनचे. तसे दूरदर्शन तरी कुठे स्वतंत्र होते? 1 एप्रिल 1976 पर्यंत तो आकाशवाणीचाच एक भाग होता.

सुमारे 400 गावांत सामुदायिक संच दिले गेले. त्यातले बरेचसे दूध मंडळीच्या आवारात. आणंद तेव्हा खेडा जिल्ह्यातच होते, त्यामुळे संध्याकाळी दूध घालायला माणसे तिथे जमतच. कार्यक्रम करणारे आधी गावात जाऊन राहायचे, विचारायचे, दाखवून झाल्यावर पुन्हा विचारायचे. हुंडा, अस्पृश्यता, मजुरी असे विषय असत, आणि भाषा पुस्तकी गुजराती नव्हे, तिथली चरोतरी. आमच्याकडचे एक निवृत्त प्राध्यापक त्याच भागातले. ते सांगतात, त्यांच्या आजीने पहिल्यांदा टीव्ही पाहिला तेव्हा तिला चित्राचे नवल वाटलेच नाही. "ही बाई आपल्यासारखी बोलते," एवढेच ती घरी येऊन सांगत राहिली. शाळेत याच बोलीसाठी सरांना छड्या बसत होत्या!

पुढे या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण वारे फिरले होते. 1982 मध्ये रंग आला, दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, 1984 मध्ये देशभर धडाधड प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. आता दिल्ली सगळ्यांनाच दिसत होती, मग एका जिल्ह्यापुरते केंद्र कशाला? 1985 मध्ये पीज बंद झाले आणि यंत्र मद्रासला, तिथल्या दुसऱ्या वाहिनीसाठी गेले. गावकऱ्यांनी विरोध केला. टीव्ही हलवू नका म्हणून खेडूत उभे राहतात, हे आपल्या देशात किती वेळा घडले असेल? इस्रोचे काही कार्यक्रम पुढे अहमदाबादहून दिसत राहिले. पण अहमदाबादने साऱ्या गुजरातशी बोलायचे, म्हणजे सगळ्यांना कळेल असे बोलायचे. चरोतरीला तिथे कितीशी जागा असणार? दूरदर्शनवाल्यांचा यात सगळा दोष आहे असे मी म्हणत नाही. एवढ्या मोठ्या देशात प्रत्येक जिल्ह्याला केंद्र कोण देणार? तरी पुरस्कार मिळालेले काम असे उचलून न्यावे, हे मनाला पटत नाही.

पुढे प्रादेशिक उपग्रह वाहिन्या आल्या, त्यांना डोंगरांची नावे मिळाली. मराठीला सह्याद्री, गुजरातीला गिरनार. नंदुरबार-नवापूरकडून पोटासाठी लिंबायत-उधन्यात आलेला आपला माणूस या दोन डोंगरांच्या मधला. सह्याद्रीवर त्याची अहिराणी क्वचित, गिरनारवर त्याची मराठीही नाही. आता मोबाइलवर अहिराणी गाणी लाखो लोक पाहतात, लग्नात नाचतात, त्याचा आनंदच आहे. पण दूध मंडळीच्या आवारात बसून "आपल्या गावात असे का?" असे विचारणारा टीव्ही निराळा.

शेवटी मुलांना घरून लिहून आणायला सांगितले: तुमच्या वस्तीला रोज अर्धा तास टीव्ही मिळाला, तर काय दाखवाल? तेही घरच्या बोलीत लिहा. आधी हसली, मग माना खाली घालून लिहू लागली. पाठच्या बाकावरच्या, कधीही न बोलणाऱ्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी कागद दिला. त्यावर एकच ओळ होती. "पहिले आमनी गल्लीनं पानी दखाडा."